तलावाची लांबी

“पाण्याला ताकद दाखवायची नसती, सर,” येसूअण्णा म्हणाले. “ताकद दाखवली की पाणी अंगावर येतंय. पाण्याला गोडीगुलाबीनं घ्यायचं. जोर-बैठका मारलेला पैलवान कृष्णेत सोडा, दगडावानी तळाला जातोय का न्हाई बघा.”

मी हातातलं मासिक उघडं धरून तसाच उभा राहिलो. डिसेंबरातली सकाळ होती. तलावाचं पाणी सोडून द्यायला सुरुवात झाली होती आणि खोल बाजूला नळातून घरघर आवाज येत होता. मिरजेतल्या आमच्या जलतरण मंडळात दर वर्षी मार्गशीर्षात तलाव रिकामा करून घासत. त्या वर्षी उथळ बाजूची भिंत गळू लागली होती, म्हणून दुरुस्तीसाठी तलाव सात आठवडे बंद राहणार होता.

“यात तसं लिहिलेलं नाही, अण्णा,” मी म्हणालो. “परदेशात पोहणारे आता वजनं उचलतात. हात पाणी मागे ओढतो, त्या ओढण्याला जोर लागतो. तो जोर जमिनीवर कमावता येतो, असं म्हणतात.”

“कोण म्हणतंय?”

“एक प्राध्यापक आहेत.”

“पोहतात का?”

मला ते माहीत नव्हतं. मी मासिकाचं पान उलटल्यासारखं केलं. काठावर टॉवेल पांघरून बसलेला निवास हसू दाबत होता.

निवास आवटी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याचे वडील स्टेशनामागच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचे आणि मालकाने निवासची जागाही धरून ठेवली होती. “मे अखेरपर्यंत पोहून घे,” वडिलांनी त्याला सांगितलं होतं, “जूनपासून कामावर.” त्यातून सुटायची वाट एकच होती. एप्रिलमध्ये पुण्याला राज्य संघाची निवड होती. चारशे मीटर जो पाच मिनिटांच्या आत पोहेल तो संघात, आणि संघात गेलेल्याला रेल्वेत नोकरी मिळाल्याची दोन उदाहरणं आमच्यासमोर होती. तलाव रिकामा करण्याच्या आदल्या दिवशी मी त्याची वेळ घेतली होती. पाच मिनिटं दोन सेकंद.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, वय एक्केचाळीस. मला पोहता येत नाही, आजही येत नाही. मंडळाने मला वेळ नोंदवायचं काम दिलं होतं, ते मी कधी उशिरा येत नसे आणि माझं अक्षर बरं होतं म्हणून. स्टॉपवॉच आणि वही घेऊन मी उथळ बाजूला उभा राहायचो. कुणी मला काही विचारत नसे आणि मलाही ते सोयीचं होतं. वजनांबद्दल मी तोंड उघडलं ते माझ्या स्वभावाला सोडूनच होतं.

“दोन सेकंदांचा प्रश्न आहे, अण्णा,” मी पुन्हा म्हणालो. “सकाळी नदीवर तुमच्या पद्धतीने पोहू दे. संध्याकाळी वजनं. सात आठवड्यांनी वेळ घेऊ. फरक पडला नाही तर सोडून देऊ.”

अण्णा मंडळात पोहणं शिकवायचे. भोई समाजातले, कृष्णेच्या काठी वाढलेले. महापुरात दोर घेऊन उतरलेला माणूस. त्यांनी निवासकडे वळून विचारलं, “काय रे? उचलतोस लोखंड?”

“उचलतो की. बर्फ उचलण्यापरीस बरं.”

“बघा, सर. पोरगं खांद्यानं आखडलं तर तुमच्या दारात आणून सोडतो.”

त्या लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात प्राध्यापकांनीच शंका घेतली होती. जमिनीवर आलेली ताकद पाण्यात उतरतेच असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, अशा अर्थाची दोन वाक्यं होती. अण्णांना मी सगळा लेख मराठीत सांगितला, पण ती दोन वाक्यं सांगितली नाहीत. वेळ नव्हता, असं मी मनाशी म्हटलं.

वजनं जुन्या तालमीत जमवली. रेल्वेच्या भंगारातल्या लोखंडी चकत्या वखारीतल्या काट्यावर तोलून घेतल्या आणि प्रत्येकीवर मी खडूने आकडा लिहिला. निवास छातीपर्यंत ओढी, डोक्यावर नेई, खांद्यावर घेऊन उठाबशा काढी. मी शेजारी बसून वहीत नोंदी करायचो. तालमीतले पैलवान यायचे, बघायचे.

“सर, पोरगं पोहायचं की हमालीचं?”

“पोहायचं.”

“मग चकत्या बांधून टाका की विहिरीत. एकदमच शिकंल.”

निवास हसायचा आणि एक चकती वाढवायचा. जानेवारी संपेपर्यंत त्याची पाठ रुंद झाली. सदरा काखेत उसवला, तो त्याने मला कौतुकाने दाखवला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तलाव भरला. उथळ बाजूला नव्या पांढऱ्या फरश्या चकाकत होत्या. दारावरची ‘तलावाची लांबी २५ मीटर’ ही पाटीसुद्धा पुन्हा रंगवली होती. चारशे मीटर म्हणजे सोळा लांब्या. दर लांबीला मी वहीत एक रेघ ओढत होतो. सोळाव्या रेघेनंतर निवासचा हात भिंतीला लागला, मी अंगठा दाबला आणि घड्याळ बघून मला वाटलं की माझंच काहीतरी चुकलंय.

अण्णांनी घड्याळ माझ्या हातातून घेतलं. “बिघडलंय का हे?”

“कालच किल्ली दिली होती.”

“उद्या परत.”

दुसऱ्या दिवशीही तेच. चार मिनिटं एकोणसाठ सेकंद. तीन सेकंदांचा फरक. निवास पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी पाणी उडवत होता. येसूअण्णा माझ्यासमोर आले, खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी हात पुसले आणि माझा हात हातात घेतला.

“चाळीस वर्षं पाण्यात हाय मी, सर. आज तुम्ही मला शाळेत घातलंत.”

त्या दिवशी मी कॉलेजात चालत गेलो नाही, तरंगत गेलो. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण ते खरं आहे. मंडळातली माणसं मला थांबवून विचारू लागली. सर, रोज किती किलो? सर, अंडी खायची का? अण्णांनी तर तलावाच्या काठालाच वजनं आणून ठेवली. आधी ज्या माणसाला लोखंडाचा तिटकारा होता, तोच आता चकत्या वाढवत होता. चाळीस, पंचावन्न, सत्तर. मी लेखातला तक्ता दाखवला, हळूहळू वाढवा म्हणालो.

“आवं, घड्याळानं सांगितलंय न्हवं! घड्याळ काय आपला पावणा हाय, खोटं बोलायला?”

मार्चच्या अखेरीस निवासचा उजवा खांदा दुखू लागला. हात वर नेताना तो दात आवळायचा. अण्णांनी तिळाचं तेल चोळलं. वेळ एकोणसाठच्या आसपासच राहिली, पुढे सरकेना. पण एकोणसाठ पुरेसे होते.

लिमये वकील मंडळाचे सर्वांत जुने सभासद. वजन दोन मण, पोहणं बेडकासारखं सावकाश, मान पाण्याबाहेर. ते पोहताना संध्येतली चोवीस नावं म्हणत, एका हातवाऱ्याला एक नाव. केशवाय नमः म्हणून निघायचं आणि श्रीकृष्णाय नमः म्हणून समोरच्या भिंतीला हात लावायचा. तीस वर्षांत यात बदल नव्हता. नवशिकी पोरं त्यांच्या नावांवरून सांगत, वकील आता दामोदरावर आहेत, म्हणजे अर्ध्यात.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी ते माझ्याशेजारी पाण्यातून वर आले आणि बोटं चोळत म्हणाले, “टिकेकर, हल्ली माझा कृष्ण अपुरा राहतो हो.”

“म्हणजे?”

“हरये नमः झालं, कृष्णाला हात पसरला, की तो पुरता पसरायच्या आत बोटं भिंतीवर आपटतात. हे बघा, नख मोडलं. दोन महिने हेच चाललंय. मी पण तुमच्या निवाससारखा ताकदवान झालोय बहुधा.”

“तुम्ही कुठे वजनं उचलता?”

“का? दोन वेळा ताट उचलतो की!”

ते हसले, मीही हसलो. ते कपडे बदलायला गेले आणि माझं हसू तोंडावर तसंच राहिलं. ताकद वाढली असती तर निवासची वाढली असती. लिमये वकिलांची कशाने वाढली?

मी उथळ बाजूच्या नव्या फरश्यांकडे पाहत राहिलो. मग दारातल्या पहारेकऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, दुरुस्तीत भिंतीला नक्की काय केलं.

“जुनी भिंत पाडायची तर लई खर्च. म्हणून गवंड्यानं तिच्या आतनं दुसरी भिंत चढवली, विटांची. मग गिलावा, मग फरशी. आता थेंब गळत न्हाई बघा.”

कॉलेजच्या वाचनालयात एक ओव्हरसियर पुस्तकं न्यायला येत. त्यांच्याकडून मी तीस मीटरची कापडी टेप मागून आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी, तलाव बंद असताना, मी आत गेलो. टेपची कडी एका टोकाला खिळ्यात अडकवली आणि काठाकाठाने चालत दुसऱ्या टोकाला गेलो. वाकून आकडा वाचला. परत जाऊन टेप ताणून घेतली, पुन्हा वाचला. तिसऱ्यांदाही तेच. चोवीस मीटर ऐंशी सेंटिमीटर.

आठ इंच.

तिथेच काठावर बसून मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. सोळा लांब्या गुणिले वीस सेंटिमीटर, तीन मीटर वीस. निवासच्या वेगाने एवढं अंतर कापायला जवळजवळ अडीच सेकंद लागतात. फरक पडला होता तीन सेकंदांचा. उरलेला अर्धा सेकंद वजनांचा असेल, किंवा माझ्या अंगठ्याचा.

निवड बारा दिवसांवर होती.

संध्याकाळी मी अण्णांच्या घरी गेलो. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. अण्णा, एक चूक झाली आहे. अंगणात बाजेवर दोन माणसं बसली होती, सांगलीहून आलेली, त्यांच्या तलावावरचे शिकवणारे. मला पाहताच अण्णा उठले, घरातून खुर्ची आणायला लावली.

“हेच आमचे टिकेकर सर! हेंच्या पुस्तकानंच हे सगळं. बसा सर, हेंना सांगा जरा. लांबनं आलेत.”

ती दोघं वही-पेन्सिल घेऊन आली होती. त्यातला वयस्क माणूस मला आदराने म्हणाला, “खरंच फायदा होतो का हो वजनांचा?”

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते माझ्याकडे बघताना कुणाच्याच चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं.

“होतो असं दिसतंय,” मी म्हणालो.

निघताना मी अण्णांना एवढंच म्हणालो की निवासचा खांदा दुखतोय, बारा दिवस वजनं बंद ठेवू या. ते म्हणाले, “आता ढील दिली तर कमावलेलं जाईल, सर. तुमीच वाचून दाखवलं होतं की.” ते खरंच होतं, मीच वाचून दाखवलं होतं.

मग मी स्वतःला समजावत राहिलो. आता सांगितलं तर मुलाचा धीर सुटेल. एकोणसाठ पोहतो असं वाटणारा मुलगा कदाचित एकोणसाठ पोहेलही. पुस्तकांतून अशी उदाहरणं मी वाचली होती. हवी असलेली उदाहरणं मला पुस्तकांतून नेहमीच सापडत आली आहेत.

पुण्यातला तलाव खरोखरच पंचवीस मीटर होता. निवास तिसऱ्या पट्ट्यात होता. आठव्या लांबीपर्यंत तो पुढे होता. नंतर त्याचा उजवा हात पाण्याबाहेर यायला उशीर करू लागला. येसूअण्णा काठाने धावत ओरडत होते, “ओढ! ताकद लाव! ताकद हाय तुझ्यात!” मी माझं घड्याळ चालू केलं होतं, पण शेवटच्या चार लांब्या मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पाच मिनिटं दोन सेकंद.

दोनच मुलं निवडली गेली. निवास बराच वेळ पाण्यात भिंतीला धरून राहिला. पुढच्या शर्यतीसाठी त्याला बाहेर यायला सांगितलं, तेव्हा डाव्या हाताने स्वतःला वर ओढून तो बाहेर आला.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. जूनमध्ये निवास बर्फाच्या कारखान्यात लागला. उजवा खांदा त्याला पुरता कधीच उचलता आला नाही, तरी एकतीस वर्षं त्याने लाद्या ओढल्या. येसूअण्णांनी आणखी बऱ्याच मुलांकडून वजनं उचलवून घेतली. काहींना फायदा झाला, काहींचे खांदे गेले. त्या वेळा मी नोंदल्या नाहीत, कारण त्याच वर्षी प्रकृतीचं कारण सांगून मी मंडळ सोडलं. वजनांचा पोहणाऱ्याला उपयोग होतो का, यावर आता पुष्कळ चांगलं लेखन आलं आहे आणि मी ते वाचत असतो. पण निवासला झाला होता का, हे कुठे लिहिलेलं नाही. तो जिच्यात मोजला गेला, ती वही माझी होती.

त्या दुपारी मात्र आम्ही पुण्याच्या एसटी स्टँडवर बाकावर बसलो होतो. मिरजेची गाडी चारला होती. अण्णा चहा आणायला गेले होते. निवासने उजवा हात मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा.

“निवास,” मी म्हणालो, “मला तुला एक सांगायचंय. आपला तलाव...”

“आठ इंच कमी हाय,” तो म्हणाला.

समोर एक गाडी मागे येत होती, कंडक्टर तिच्यावर थाप मारत होता.

“तुला कसं कळलं?”

“पहिल्या दिवशीच वाटलं हुतं, सर. भिंत लवकर याय लागली. म्हटलं ताकद वाढली असंल. सगळेच म्हणत हुते.” तो खाली बघत बोलत होता. “मग तुम्ही टेप लावली, तवा मी कपडे बदलायच्या खोलीत हुतो. घरात बारा माणसं, दुपारी मी तिथंच पडतो. तीनदा मोजलंत. मग खाली बसून वहीत मांडलंत. तुम्ही गेल्यावर नवी भिंत किती आत आलीय ते मी पण वितेनं बघितलं.”

“मग बोलला का नाहीस?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

“रोज वाट बघत हुतो, सर. वाटलं, आज सांगतील. उद्या सांगतील. चार-पाच दिवस झाले, तवा म्हटलं, सरांनी मांडून बघितलंय. सर कदी चुकत न्हाईत. ते गप हाईत म्हणजे आठ इंचानं काय बिघडत नसंल. तुमचा हिशेब बरोबर आला असंल.”

अण्णा तीन पेले बोटांत धरून येताना दिसले. त्यांचा चेहरा ओढलेला होता. एक पेला त्यांनी माझ्या हातात दिला आणि निवासकडे न पाहता माझ्याशेजारी बसले.

“तुमचं पुस्तक बरोबर हुतं, सर,” ते म्हणाले. “आपलं पोरगंच कच्चं निघालं. घरच्या तलावात एकोणसाठ, आन परक्या तलावात दोन! ह्येला काय म्हणायचं? काय झालं रं तुला?”

मी पेला ओठांपर्यंत नेला होता. निवासने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी काय करणार आहे हे त्याला माझ्या आधी कळलं.

“भ्यालो, अण्णा,” तो म्हणाला. “माणसं बघून छाती दडपली.”

“भ्यालो म्हणे! एवढं लोखंड उचलून?”

“व्हय. भ्यालो.”

गाडी लागली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरू लागले. मी उठायच्या आत निवासने स्वतःची पिशवी आणि माझी पुस्तकांची पिशवी, दोन्ही डाव्या हातात घेतल्या होत्या. गर्दीत वाट करत तो दारापाशी गेला आणि बाजूला सरून उभा राहिला.

“चढा, सर,” तो म्हणाला. “पायरी उंच हाय, जपून.”